हातातला माइक: इलेक्ट्रो-व्हॉइस आरई५०, जिल्हा प्रतिनिधीच्या वापरातून

जिल्ह्यात टीव्हीची बातमीदारी सुरू करणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं पहिली वस्तू कोणती घ्यावी, असं नवी मुलं-मुली मला नेहमी विचारतात. त्यांच्या मनात बहुतेक वेळा महागडा मोबाइल नाहीतर तो न हलता धरायचा गिंबल असतो. मी सांगते, आधी माइक घ्या. तोही हातात धरायचा, वायरचा, बॅटरी न लागणारा. मी वापरते तो इलेक्ट्रो-व्हॉइस या अमेरिकन कंपनीचा आरई५० एन/डी-बी. २०१९ च्या महापुरानंतर घेतला, आजही रोज बॅगेत असतो. पुढे जे लिहिलंय ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, शिरोळ, पन्हाळा या भागात काम करताना कानांनी ऐकलेलं आहे. स्टुडिओतली चाचणी मी केलेली नाही, ते माझं कामही नाही.

चित्र हललं, अंधारलं, तिरकं आलं तरी बातमी चालते. पुराचे, अपघाताचे, लाठीमाराचे धूसर शॉट्स आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण बाईट (कॅमेऱ्यासमोरचं थोडक्यात बोलणं) देणारा माणूस काय म्हणतोय ते कळलं नाही, तर ती बाईट चॅनेलच्या डेस्कवर पडून राहते. मग त्याचं म्हणणं अँकर आपल्या भाषेत सांगतो. शिरोळच्या शेतकऱ्याची बोली, मध्येच घेतलेला श्वास, कारखान्याचं नाव घेताना चढलेला आवाज, सगळं निघून जातं आणि उरतं ते ‘शेतकऱ्यांनी संताप व्यक्त केला’ एवढंच. हे मला मनापासून खुपतं. त्यामुळे माइक निवडताना मी कॅमेऱ्यापेक्षा जास्त चिकित्सा करते.

आता वस्तूविषयी. आरई५० हा डायनॅमिक माइक आहे. आत पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती चुंबक. बोलल्यावर पडदा हलतो, गुंडाळी हलते आणि वीज तयार होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, कॅमेऱ्यातून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर नाही, सेल नाही. याच कंपनीचा ६३५ए नावाचा माइक १९६० च्या दशकापासून अमेरिकेतल्या बातमीदारांच्या हातात होता. कंपनीचा कारखाना तेव्हा मिशिगनमधल्या बुकॅनन गावात होता आणि माइक इतका दणकट, की त्याला ‘बुकॅनन हॅमर’ म्हणायचे. आरई५० ही त्याचीच पुढची पिढी. यात मूळ माइक बाहेरच्या कवचापासून सुटा, लवचिक आधारावर बसवलेला आहे, म्हणजे डब्यात डबा. बाहेरचा डबा तुम्ही कसाही धरा, बोटं सरकवा, या हातातून त्या हातात घ्या. आतल्याला त्याचा पत्ता फारसा लागत नाही.

याचं महत्त्व गर्दीतल्या बाईटला कळतं. सर्किट हाऊसच्या पोर्चमध्ये मंत्री गाडीतून उतरतात, पंधरा-वीस बूम, म्हणजे चॅनेलचा लोगो लावलेले माइक, एकदम पुढे येतात, एकमेकांवर आदळतात. मागचा कॅमेरामन खांद्यावर रेलतो, कुणाची तरी वायर पायात येते. अशा वेळी साध्या माइकमधून ‘खडखड, ठक्’ असे आवाज बाईटवर पडतात. ते नंतर काढता येत नाहीत, कारण ते शब्दांच्या बरोबर वरच बसलेले असतात. आरई५० मध्ये ते इतके कमी येतात, की डेस्कवरचा एडिटर त्याबद्दल काही बोलत नाही. एडिटर काही बोलला नाही, म्हणजे काम झालं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हा माइक ऑम्नी आहे, म्हणजे चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतो. दुकानात हे ऐकल्यावर बरेच जण मागे सरतात. गर्दीत काम करायचं, तर फक्त समोरचं ऐकणारा माइक नको का? कागदावर हे बरोबर वाटतं. पण दिशा ओळखणाऱ्या माइकला, ज्याला कार्डिऑइड म्हणतात, जाळीच्या खालच्या अंगाला फटी असतात. मागून आलेला आवाज त्या फटींतून आत शिरतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन कमी होतो. आपण काय करतो? त्याच्या गळ्याशी चॅनेलचा चौकोनी लोगो चढवतो आणि वरून मूठ आवळतो. लोगो फार वर सरकला किंवा गर्दीत मूठच वर गेली, तर फटी झाकल्या जातात आणि माइक दिशाही सोडतो, आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. ऑम्नीला ही भानगड नाही. कसाही धरा, तो तसाच वागतो. शिवाय वारा आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटकारे ऑम्नीला मुळातच कमी लागतात. मसाई पठारावर पावसाळ्यात उभं राहून पीटूसी (कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगणं) केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. माइकवर फोमची टोपी चढवली, की तिथल्या वाऱ्यातही शब्द सुटे येतात.

मग गर्दीचं काय? उत्तर माइकच्या बाहेर आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं, की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि आजूबाजूचा गोंगाट होता तेवढाच राहतो. मी हनुवटीच्या किंचित खाली, चार बोटांवर माइक धरते. कार्डिऑइड इतका जवळ नेला, की आवाज उगाच घुमतो, खर्ज वाढतो. हा माइक जवळ नेला तरी माणसाचा आवाज त्याच्यासारखाच राहतो. म्हणजे हा गर्दीत वापरायचा, तर तुम्हाला माणसाजवळ जावंच लागतं. दोन हातांवरून, रस्त्याच्या पलीकडून बाईट घ्यायची सोय यात नाही आणि मला ते पटतं. ज्याचं घर पडलंय त्याच्याशी बोलायचं, तर त्याच्यासमोर त्याच चिखलात उभं राहायला हवं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, यावरून अंदाज करा. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि बरेच दिवस बंद राहिला. शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती, पेट्रोल मिळत नव्हतं, नळाला पाणी नव्हतं. तेव्हा माझ्याकडे वायरलेस कॉलर माइकचा संच होता, कपड्याला अडकवायचा माइक आणि आवाज पाठवणारा ट्रान्समीटर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या दिवसांत जे झालं ते त्या प्रकारच्या कुठल्याही संचाचं झालं असतं. ट्रान्समीटर चार्ज करायचा तर वीज हवी. जी काही पॉवर बँक होती ती मोबाइलला लागायची, कारण फीड पाठवायचं तर मोबाइल जिवंत पाहिजे. पावसात ट्रान्समीटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, मग त्या पिशवीचाच चुरचुर आवाज बाईटवर यायचा. माणसांची दाटी झाली, की आवाज तुटायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातून नीट पार होत नाहीत आणि आसपासच्या शंभर मोबाइलचं वाय-फाय, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलत असतं, हे मला नंतर कळलं. शेवटचे दोन-तीन दिवस मी कॅमेरामनच्या बॅगेतला जुना वायरचा माइक काढून काम केलं आणि डोक्यात पक्कं बसलं, की यापुढे आपला स्वतःचा, चांगला, वायरचा माइक हवा.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पुन्हा महामार्ग बंद झाला, तेव्हा आरई५० हातात होता. चिखली आणि आंबेवाडीची माणसं दर पुरात आधी बाहेर काढावी लागतात. बोटीतून उतरलेल्या एका आजोबांना मी विचारलं, “बाबा, काय सांगायचंय सरकारला?” मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं, वर पाऊस. ते म्हणाले, “आमचं काय बी हू दे, पर जित्राबं तेवढी वर काढा म्हणावं सायबास्नी.” एवढंच बोलले आणि निघून गेले. मी दुसऱ्यांदा विचारू शकले नसते. ते वाक्य डेस्कपर्यंत स्वच्छ पोचलं. इंजिनही ऐकू येत होतं, पण मागे, जिथे असायला हवं तिथे. ऑम्नीची ही मला सगळ्यात आवडती बाजू आहे. तो जागा पुसून टाकत नाही. घरी बसून ऐकणाऱ्याला कळतं, की हा माणूस बोटीशेजारी पावसात उभा आहे.

त्या पुरात माइक इतका भिजला, की मी तो रात्री पुसून, उलटा टांगून ठेवायचे. कंपनी याला जलरोधक म्हणत नाही आणि कुणी मुद्दाम भिजवावा असंही मी म्हणणार नाही. पण आत इलेक्ट्रॉनिक्सच नाही, त्यामुळे पावसाची भीती कमी. याच्या जागी आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला कंडेन्सर माइक असता, तर माझी हिंमत झाली नसती.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत परीक्षा वेगळी असते. सासनकाठ्या नाचत असतात, हलगी, पिपाणी, ताशा आणि लाखो तोंडातून ‘चांगभलं’. गुलाल इतका, की हवाच गुलाबी दिसते. तिथे लाइव्ह देताना डेस्कचा टॉकबॅक, म्हणजे कानात येणाऱ्या सूचना, मला ऐकू येत नाही, पण माझा आवाज त्यांना जातो. कारण माइक ओठांपासून दोन बोटांवर धरता येतो आणि तरी आवाज फाटत नाही. हलगीवाल्याच्या अगदी शेजारी उभी राहिले तरी यानं कधी मान टाकलेली नाही; डायनॅमिक माइक मोठा आवाज सहज पचवतो. गुलाल मात्र बारीक असतो आणि कुठेही शिरतो. म्हणून यात्रेला जाताना वरून फोमची टोपी घालते, आल्यावर ती साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. जाळी कोरड्या मऊ ब्रशनं झटकते. ओलं फडकं जाळीवर फिरवू नका, गुलालाचा चिखल होऊन आत जातो.

जिथे हा माइक कमी पडतो तेही सांगते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मैदानभर कर्णे लावलेले असतात. भाषण चालू असताना गर्दीतल्या शेतकऱ्याची बाईट घ्यायची, तर कर्ण्याचा आवाज चारही बाजूंनी येतो आणि ऑम्नी तो प्रामाणिकपणे घेतो. तोंडाजवळ धरूनही मागे नेत्याचं वाक्य ऐकू येतं. एडिटला दोन वेगळ्या बाईट जोडल्या, की मागचं भाषण मध्येच तुटतं आणि कानाला खटकतं. मी अशा वेळी शेतकऱ्याला कर्ण्याकडे पाठ करून उभं करते, म्हणजे दोघांची शरीरं थोडा आडोसा करतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर मैदानाच्या कडेला उसाच्या ट्रॉलीमागे नेते. खुर्च्या मांडून अर्ध्या तासाची मुलाखत करायची असेल तरीही हा नको, तिथे कॉलर माइकच बरा. आणि व्हॉइस ओव्हरसाठी तर मुळीच नको. याची झेप ८० ते १३,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे वरची चमक मुद्दामच आवरलेली आहे. रस्त्यावर ती आवरलेलीच बरी वाटते, पण बंद खोलीत आवाज जरा कोंदटलेला वाटू शकतो.

कॉलर माइकचा विषय निघालाच आहे, तर बाई म्हणून मला जाणवलेली एक गोष्ट. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी, अपघातात मुलगा गेलेल्या घरी आपण जातो. समोर बाई बसलेली असते, डोक्यावर पदर, भोवती शेजारणी. तिच्या साडीला क्लिप लावायची, वायर आतून घ्यायची, ट्रान्समीटर कुठे अडकवायचा ते शोधायचं... मी बाई असूनही तो क्षण मला नको वाटतो, आणि पुरुष बातमीदारांचा संकोच तर मी पाहिलेला आहे. त्यात पदर हलला, की माइकवर घासतो आणि नेमकं रडता रडता बोललेलं वाक्य त्या घासण्यात जातं. हातातला माइक असेल, तर मी तिच्या शेजारी जमिनीवर बसते, माइक तिच्या हनुवटीखाली धरते आणि ती थांबली, की माइक खाली घेते. खाली घेतलेला माइक बघून तिला कळतं, की आता बोलायची सक्ती नाही.

काही जण म्हणतात, मोठा माइक आणि त्यावरचा लोगो पाहून माणूस बिचकतो, कॉलर माइक लावला की विसरतो आणि मोकळं बोलतो. हे खरंच आहे. पण आपण रेकॉर्ड होतोय हे बोलणाऱ्यानं विसरावं, असं मला वाटत नाही. गावात सरपंचाविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला उद्या त्याच गावात राहायचं असतं. माइक समोर दिसत असताना तो जे बोलतो ते तो ठरवून बोलतो, आणि तेच मी चालवते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वनतारात नेलेली नांदणी मठाची महादेवी हत्तीण परत मिळावी म्हणून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा निघाली, तेव्हा चालता चालता बाईट घेण्यात हा माइक पुन्हा उपयोगी पडला. थांबायचं कुणालाच नव्हतं. मी बोलणाऱ्याच्या बरोबरीनं चालायचे, प्रश्न माझ्या तोंडाशी, उत्तर त्यांच्या तोंडाशी, एकच माइक दोघांत फिरायचा. ऑम्नी असल्यामुळे मनगट नेमकं वळलं नाही तरी शब्द सुटत नाहीत. वायर मात्र सांभाळावी लागते. कॅमेरामन आणि बातमीदार एकमेकांना बांधलेले असतात, दोघांची पावलं जुळायला वेळ लागतो. तीन मीटरची वायर चालण्याला पुरते, पाच मीटरची गर्दीत कुणाच्या तरी पायात जातेच.

आता मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी, कारण आता जिल्ह्यात बहुतेक जण तेच करतात. या माइकला तीन पिनांचा एक्सएलआर जोड असतो. कॅमेऱ्याला थेट लागतो, तिथला स्विच ‘माइक’वर ठेवायचा, ४८ व्होल्टची गरज नाही. मोबाइलला लावायचा तर मध्ये इंटरफेस हवा. आयरिग प्रीसारखा छोटा डबा मिळतो, ज्यात सेल बसतो आणि आवाज वाढवायचं बटण असतं. म्हणजे माइकला बॅटरी नाही, पण मोबाइलवर वापरताना मधल्या डब्याला आहेच. तो सेल मी बॅगेत जादा ठेवते. साध्या जोडणीच्या वायरनं नुसता जोडला तर आवाज फार बारीक येतो आणि नंतर वाढवताना मागून ‘सूं’ येतं. याच कारणासाठी घेताना एन/डी हीच आवृत्ती बघून घ्या. त्यात निओडायमियमचं चुंबक आहे आणि जुन्या आवृत्तीपेक्षा तो जास्त जोरात आवाज देतो. मोबाइलच्या कमकुवत इनपुटला तो फरक लागतो.

किंमत हा खरा अडसर. मला वीस हजारांच्या वर पडला आणि बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्ट्रिंगरसाठी ही रक्कम केवढी असते ते मला ठाऊक आहे. हजारभरात वायरचा कॉलर माइक येतो आणि सुरुवातीला तोच असतो, त्यात काही कमीपणा नाही. दोन-तीन हजारांत भारतीय कंपन्यांचे डायनॅमिक हँड माइकही मिळतात. ते घेताना बटण नसलेला किंवा बटण कुलूपबंद करता येणारा बघा, कारण गर्दीत धक्क्यानं बटण बंद होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. आरई५० ला बटणच नाही. हँड माइक मुठीत धरून त्याचा आवाज दुकानात हेडफोन लावून ऐका. स्टँडवर ठेवलेला ऐकून निर्णय घेऊ नका. जुना घ्यायला हरकत नाही. डायनॅमिक माइक वर्षानुवर्षं चालतो. जाळी चेपलेली असली तरी चालेल, हलवल्यावर आत काही सुटं वाजत असेल तर मात्र सोडून द्या.

वजनाचं म्हणाल, तर हा धातूचा आहे आणि तसा लागतो. विधानसभेच्या निकालाच्या दिवशी मतमोजणी केंद्राबाहेर सकाळपासून हात पुढे धरून उभं राहिलं, की संध्याकाळी मनगट बोलतं. कोपर कमरेला टेकवून धरायची सवय लावली की बरं पडतं. चॅनेलचा लोगो चढवताना आतला फोम थोडा कापावा लागला. फार कापू नका, नाहीतर लोगो फिरतो आणि कॅमेऱ्यात नाव उलटं जातं. वायरवर पैसे वाचवू नका. बंद पडते ती शंभरात नव्व्याण्णव वेळा वायर, तीही जोडाजवळ. चांगले एक्सएलआर जोड घेऊन टाका (सोल्डर) लावायला शिका. मी शाहूपुरीतल्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या काकांकडून शिकले, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि घ्यायचाच झाला, तर तुमचं काम कसलं ते आधी बघा. एकेकट्या माणसांशी बोलणं जास्त असेल, तर माझ्यासारखा आखूड दांड्याचा पुरे. पण सर्किट हाऊस, जिल्हाधिकारी कार्यालय, कोर्टाबाहेरच्या गोल, म्हणजे घोळक्यातल्या, बाईट रोजच्या असतील आणि उंची माझ्याएवढीच असेल, तर लांब दांड्याचा ‘एल’ मागा. दुसऱ्या रांगेतूनही तो तोंडापर्यंत पोचतो.